पेनड्राइव्ह नेमका कुठे अडतो?

"मामा, पेनड्राइव्ह दिसूनच नाही राहिला."

एप्रिलची दुपार होती. नागपुरातल्या बेसा-घोगली रस्त्यालगतच्या आमच्या ले-आउटमध्ये त्या वेळी कुत्रंही बाहेर पडत नाही, पण भाचा सायकलवर आला होता. एका हातात गेमचा डबा, दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह. डबा म्हणजे रास्पबेरी पाय ४ हा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक. त्यावर लिनक्स, लिनक्सवर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय, आणि टीव्हीला जोडला की आमच्या लहानपणीचे सगळे गेम. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. त्यात गेमच्या फोल्डरशेजारी त्याच्या आबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. आबा आता नाहीत, आणि त्या फोटोंची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. शाळेतल्या मित्रांनी सल्ला दिला होता, "फॉरमॅट मार ना बे, चालू होऊन जाईल."

हा आढावा त्या सल्ल्यामुळे लिहितो आहे. गेल्या काही वर्षांत असे डबे आमच्या भागात बरेच आले. कुणी रास्पबेरी पाय घेतला, कुणी बर्डीच्या बाजारातून जुना ऑफिसचा छोटा पीसी आणून त्यावर रेट्रोपायसारखंच बॅटोसेरा टाकलं. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ड्राइव्ह ओळखत नाही. उपायही ठरलेले आहेत. पोर्ट बदला, रिस्टार्ट करा, फॉरमॅट करा, आणि शेवटी डबाच खराब आहे म्हणा. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या आजारावर लागू पडतो, पण आजार कोणता हे आधी कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की 'ओळखत नाही' या दोन शब्दांखाली किमान पाच वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना फॉरमॅटची गरज नसते.

बेशातल्या कुठल्याही नव्या अपार्टमेंटमध्ये पाहुणा येतो तसं समजा. तो फाटकावरच अडला असेल. वॉचमनच्या वहीत नाव लिहून झालं असेल, पण लिफ्ट बंद असेल. योग्य मजल्यावर पोहोचला असेल, पण दार कुणी उघडलं नसेल. किंवा आत येऊन बैठकीत बसलाही असेल आणि स्वयंपाकघरात कुणाला पत्ताच नसेल. घरातला माणूस या सगळ्याला 'पाहुणे आलेच नाहीत' असंच म्हणतो. पेनड्राइव्हलाही आधी वीज मिळावी लागते, मग यूएसबीची ओळखपरेड होते, मग लिनक्स त्याला डिस्क म्हणून स्वीकारतं, मग आतली फाइल सिस्टम वाचून तो एखाद्या फोल्डरला जोडला जातो (याला माउंट होणं म्हणतात), आणि सर्वांत शेवटी गेमचा प्रोग्राम त्या फोल्डरकडे पाहतो. शोध याच क्रमाने, खालून वर करायचा असतो. सवयीने आपण वरून खाली येतो, किंवा मधूनच सुरुवात करतो.

माझ्या पिढीला एक जुनी खोडही आहे. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमची कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढून तिच्यात फुंकर मारायचो, परत बसवायचो, आणि ती चालायची. श्रेय फुंकरीला जायचं. खरं काम कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने व्हायचं, कारण संपर्काच्या पट्ट्या नव्याने घासल्या जायच्या. तोंडातल्या वाफेने त्या पट्ट्या उलट खराब व्हायच्या. आज पेनड्राइव्ह काढून घालण्यात तेच चाललेलं असतं. कधीकधी चालतंही, पण का चाललं हे न कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कसरत.

आधी फाटक. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. तिच्यामागच्या इंटेलच्या चमूतलं ठळक नाव अजय भट्ट यांचं, शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. एकाच छोट्या सॉकेटमधून माहितीही जावी आणि वीजही, ही त्या रचनेतली सोय. आपल्या डब्यांच्या बहुतेक दुखण्यांचं मूळही तिथेच आहे, कारण पेनड्राइव्हला स्वतःची वीज नसते. तो डब्याकडून घेतो, आणि डबा अ‍ॅडॉप्टरकडून. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरपेक्षा जास्त वीज मिळत नाही. पाय ५ चं गणित आणखी कडक आहे. त्याला ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात. ३ अँपिअरचा लावला तर तो स्वतःहून हात आखडता घेतो आणि सगळ्या पोर्टांना मिळून ०.६ देतो. पेनड्राइव्हला तेवढं पुरतं. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र सुरू होतानाच एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. ती टिकटिक करते, बंद पडते, पुन्हा टिकटिक करते. लोक म्हणतात डिस्क गेली. बिचारी नुसती उपाशी असते.

पायची व्होल्टेजची मर्यादा ४.६३ व्होल्ट आहे. त्याखाली गेलं की टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. भाच्याच्या टीव्हीवर ती कित्येक महिने चमकत होती आणि तो तिला गेमचाच भाग समजत होता. अ‍ॅडॉप्टरच्या जागी त्याच्याकडे घरातल्या मोबाइलचा ६५ वॉटचा जलद चार्जर होता. आकडा मोठा असल्याने कुणाला शंका आली नाही. पण असे कित्येक चार्जर मोठी वीज फक्त आपल्या भाईबंद मोबाइलला देतात, कारण त्या दोघांची बोली ठरलेली असते. अनोळखी यंत्राला ते साध्या ५ व्होल्टवर २ अँपिअरच देतात. त्यात केबल लांब आणि बारीक. केबलचा रोध पाव ओहम धरला आणि २ अँपिअर वाहिले, तर वाटेतच अर्धा व्होल्ट जातो. ५ चे ४.५ उरतात. शिवाय टीव्ही, डबा आणि कूलर तिघंही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येतं. चांगला अ‍ॅडॉप्टर तो धक्का पचवतो. आधीच काठावर असलेला नाही पचवत.

हे तपासायला मल्टिमीटरची गरज नाही. रास्पबेरी पायवर एक आज्ञा आहे, 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड'. उत्तराच्या शेवटी नुसतं शून्य आलं तर वीज ठीक. ५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी कमी पडली होती. ५०००५ आलं तर या क्षणीही कमी पडते आहे. भाच्याचं उत्तर ५०००५ होतं.

याच मजल्यावरच्या आणखी दोन गोष्टी. २०१९ च्या जून महिन्यात आलेल्या पाय ४ च्या पहिल्या बोर्डांत सी-प्रकारच्या सॉकेटच्या रचनेत एक रेझिस्टर कमी होता. त्यामुळे महागड्या, आत चिप असलेल्या केबलवर तो सुरूच होत नसे आणि साध्या केबलवर होत असे. जुना पाय ४ विकत घेतला असेल तर हे लक्षात ठेवावं. दुसरं, बाहेरून वीज घेणारा यूएसबी हब हा हार्ड डिस्कसाठी खरा आणि टिकाऊ उपाय आहे. फक्त काही स्वस्त हब उलट्या दिशेने डब्यातच वीज ढकलतात. डब्याचं बटण बंद करूनही त्याचा दिवा मिणमिणत राहिला, तर तो हब बदला.

वीज पोहोचली की वॉचमनची वही. लिनक्सचं गाभ्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे कर्नल, येणाऱ्या-जाणाऱ्याची अत्यंत बारीक नोंद ठेवतं. ती वाचायची आज्ञा डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची. पेनड्राइव्ह लावण्याआधी ती चालू ठेवून, मग ड्राइव्ह लावून खाली काय उमटतं ते पाहायचं. या आज्ञेची लोकांना उगाच भीती वाटते. मजकूर इंग्रजी असतो, वेगाने सरकतो, आणि मराठीत कुणी तो समजावून सांगितलेला नसतो. पण वाचायचं फार थोडं असतं. काहीच उमटलं नाही तर पाहुणा फाटकापर्यंत आलेलाच नाही: पोर्ट, केबल किंवा ड्राइव्हचं सर्किट. नवीन यंत्र मिळालं, मग तुटलं, मग पुन्हा मिळालं अशी माळ दिसली तर वीज किंवा ढिला संपर्क. उणे ७१ हा आकडा दिसला तर दोघांचं बोलणं झालं, पण शब्द तुटक आले. केबल, एक्स्टेंशन, गंजलेली पिन यांच्याकडे पाहा. उणे ११० म्हणजे डब्याने हाक मारली आणि वाट पाहून थकला. एवढे चार प्रसंग ओळखता आले की वही वाचता आली म्हणायचं.

शेजारची आज्ञा एलएसयूएसबी. ती सध्या हजर असलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देते. तिला उणे टी जोडलं की प्रत्येकाचा वेगही कळतो, ४८० किंवा ५०००. निळ्या पोर्टात यूएसबी ३ चा ड्राइव्ह लावूनही ४८० दिसलं तर घाबरू नका. प्लग फार हळू सरकवला की जुन्या पद्धतीच्या पिना आधी टेकतात आणि यंत्र त्यालाच धरून बसतं. काढून एका दमात घाला.

निळ्या पोर्टाचा एक त्रास ड्राइव्हपेक्षा गेमच्या रिमोटला जास्त होतो, आणि तो आमच्याकडे बऱ्याच घरांत दिसतो. यूएसबी ३ च्या वेगाने माहिती वाहताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर निबंध काढला होता. ब्लूटूथ आणि वायरलेस रिमोट त्याच पट्ट्यात बोलतात. म्हणून पेनड्राइव्ह लावला की रिमोट अडखळतो, आणि पोरं म्हणतात ड्राइव्हमुळे डबा हँग झाला. ड्राइव्ह काळ्या पोर्टात लावा, किंवा वीतभर एक्स्टेंशनने दूर न्या. जुन्या गेमना काळ्या पोर्टाचा वेग पुरून उरतो. पहिल्या सुपर मारिओचा अख्खा गेम ४० केबीचा आहे.

यूएसबीवरून जोडलेल्या एसएसडीची एक खास अडचण आहे. पाय ४ वर एसएसडीच्या काही खोक्यांमधली, विशेषतः जेमायक्रॉनच्या काही चिपांची, यूएएस नावाची जलद पद्धत नीट चालत नाही. ड्राइव्ह दिसतो, काही मिनिटं चालतो, मग गोठतो. सुरुवातीच्या फाइलमध्ये त्या चिपचा क्रमांक घालून जुनी पद्धत वापरायला सांगता येतं. उपाय अस्सल आहे, पण तो पेनड्राइव्हवर सरसकट सुचवला जातो हे मला पटत नाही. पेनड्राइव्ह बहुधा जुन्याच पद्धतीने बोलतात. आणि ती सुरुवातीची फाइल एकाच ओळीची असावी लागते. घाईत एन्टर दाबून तिच्या दोन ओळी केल्या की डबाच सुरू होत नाही. छोट्या दुखण्यापायी मोठं दुखणं विकत घेतलेले लोक मी पाहिलेत.

आता मजला तिसरा. एलएसबीएलके ही आज्ञा डिस्क आणि तिचे विभाग दाखवते. इथे एसडीए आणि त्याखाली एसडीए१ दिसले तर फॉरमॅटचा विचारही मनात आणू नका, कारण लिनक्सने ड्राइव्ह ओळखलेला आहे. एसडीए दिसतो पण आकार शून्य, असं असेल तर ड्राइव्हचा मेंदू जागा आहे आणि स्मृती हरवली आहे. त्याच्याकडे शेवटी येतो. एसडीए दिसतो, आकार बरोबर, पण विभागच नाही, तर विभागांचा तक्ता पुसला गेला असेल. टेस्टडिस्क नावाचं मोफत साधन तो बऱ्याचदा परत मांडून देतं.

इथेच एक फसवणूक उघडी पडते. माझ्या लहानपणी कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं, आणि पंधरावीस गेमनंतर तेच पुन्हा नाव बदलून यायचे. आज फुटपाथवर आणि ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारा २ टीबीचा पेनड्राइव्ह त्याच घराण्यातला. त्याची चिप खोटा आकार सांगते. खरी जागा संपली की पुढचं लिखाण मागच्यावर चढतं किंवा हवेत जातं. त्यामुळे आधी गेम चालतात, नंतर काही चालत नाहीत, मग फोल्डरची नावं वेडीवाकडी होतात, आणि दोष लिनक्सला दिला जातो. लिनक्सवर एफ३ नावाचं साधन ड्राइव्हची खरी जागा मोजून सांगतं. नवा ड्राइव्ह आणला की त्यावर काही टाकण्यापूर्वीच तपासावा, कारण तपासताना त्यावर लिहावं लागतं.

उलटा प्रकारही होतो. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर कुणी लिनक्सची प्रतिमा उतरवली, आणि नंतर विंडोजमध्ये तो काही एमबीचाच दिसू लागला. ड्राइव्ह लहान झालेला नाही. त्यावर लिनक्सचे विभाग आहेत आणि विंडोज त्यांतला एकच वाचतं. याबाबतीत मात्र फॉरमॅटचा सल्ला योग्य आहे. आतलं काही नको असेल तर सगळे विभाग काढून नवा एक करावा.

फाइल सिस्टमबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं, आणि सर्वांत जास्त जुनी माहितीही इथेच फिरते. लिनक्सला एक्सफॅट वाचता येत नाही, हे वाक्य मी अजून ऐकतो. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट २००६ मध्ये आणलं, आणि बरीच वर्षं लिनक्सवर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागे हे खरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला. त्याच वर्षी ५.४ कर्नलमध्ये त्याचा कच्चा ड्रायव्हर आला, आणि २०२० मध्ये ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगने दिलेला पक्का. विंडोजच्या एनटीएफएसचा पॅरागॉनने लिहिलेला ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ मध्ये आला. त्याआधी एनटीएफएस-३जी होतंच. म्हणजे प्रश्न लिनक्सला येतं का हा नाही, तुमच्या डब्यातलं लिनक्स कोणत्या सालचं आहे हा आहे. गेमच्या डब्यांत एकदा बसवलेलं कार्ड लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. रेट्रोपायची ४.८ ही तयार प्रतिमा २०२२ ची आहे, आणि तिच्याखालचं डेबियन त्याहून जुनं.

माझा कौल सांगतो. रास्पबेरी पायवर जुने गेम खेळायचे असतील तर पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवावा. त्याविरुद्ध नेहमी सांगितलं जाणारं कारण, की त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, इथे लागू पडत नाही. पहिल्या प्लेस्टेशनचा गेम सीडीवर मावायचा, म्हणजे ७०० एमबीच्या आत. पीएसपीची तबकडी १.८ जीबीची. पाय ज्या गेमना झेपतो त्यांतले जवळपास सगळे फॅट३२ मध्ये सुखाने राहतात. अडचण एवढीच की विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच देत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं ते शक्यच नाही. लिनक्सवर शक्य आहे, काही सेकंदांचं काम आहे.

छोट्या पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातले नवे गेम असतील तर माझा कौल बदलतो. तिथे लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टम, ईएक्सटी४. स्टीमचं प्रोटॉन हे साधन विंडोजचे गेम लिनक्सवर चालवताना जोडदुवे तयार करतं, आणि त्यांची नावं 'सी' आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं अशी असतात. एक्सफॅटमध्ये ना असे दुवे होतात, ना ते चिन्ह नावात चालतं. मग ड्राइव्ह दिसतो, गेम उतरतो, सुरू मात्र होत नाही. हे दुखणं फाइल सिस्टमचं आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे फिरणाऱ्या एनटीएफएस ड्राइव्हचा रोग वेगळा. विंडोज जलद सुरू व्हावं म्हणून बंद होताना खरं तर अर्धवट झोपी जातं. त्या वेळी लावलेला ड्राइव्हही अर्धवट अवस्थेत राहतो. लिनक्स तशा ड्राइव्हला एकतर जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरतं जोडतं, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण जबरदस्ती केली तर माहिती बिघडेल. ड्राइव्ह परत विंडोजला लावून 'सुरक्षित काढा' करून काढला, किंवा लॅपटॉप शिफ्ट दाबून बंद केला, की काम होतं.

आमच्या भागातलं मुख्य कारण मात्र याहून साधं आहे. लाइन जाते. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात तर संध्याकाळी तीनतीनदा जाते. गेम सेव्ह होत असताना लाइन गेली की फॅटच्या ड्राइव्हवर 'नीट बंद झाला नाही' अशी खूण राहते. कर्नल तशी नोंद करून तपासणी करा म्हणतं. तपासणी म्हणजे एफएससीके. ती ड्राइव्ह जोडलेला नसताना करायची, आणि आत मोलाचं काही असेल तर आधी प्रत काढून. एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजच्याच तपासणीने होते. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स फक्त वरवरचं काम करतं.

मग दार. घरच्या मोठ्या लिनक्सवर पेनड्राइव्ह लावला की खिडकी उघडते, कारण डेस्कटॉप तो आपोआप जोडतो. गेमच्या डब्यात डेस्कटॉप नसतो, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणावर सोपवलेलं असतं. रेट्रोपायमध्ये ते यूएसबीमाउंट नावाचं जुनं सॉफ्टवेअर करतं. त्याच्याजवळ परवानगी दिलेल्या फाइल सिस्टमची यादी असते; यादीत नाव नसेल तर ते गप्प बसतं, चूकही दाखवत नाही. शिवाय डेबियनच्या २०१९ च्या बस्टर आवृत्तीत एक चमत्कारिक प्रकार होतो. यंत्रांची नोंद घेणारा घटक स्वतःच्या खासगी खोलीत काम करतो. यूएसबीमाउंट त्या खोलीत ड्राइव्ह जोडतं, आणि खोलीबाहेरच्या कुणालाच तो दिसत नाही. हाताने यूएसबीमाउंट बसवणारे इथे हमखास अडकतात. प्रायव्हेटमाउंट्स ही सोय 'नाही' केली की तोच ड्राइव्ह सगळ्यांना दिसतो. मी स्वतः या एका गोष्टीवर दोन रात्री घालवल्या आहेत, आणि ड्राइव्ह, केबल, डबा यांत काहीही बिघडलेलं नव्हतं.

नेहमीसाठी जोडायचा ड्राइव्ह असेल तर त्याला एसडीए१ या नावाने बांधू नये. उद्या दुसरा ड्राइव्ह आधी लागला की तोच एसडीबी१ होतो. प्रत्येक विभागाला यूयूआयडी हा स्वतःचा क्रमांक असतो, त्याने बांधावा, आणि सोबत 'नोफेल' लिहावं. नाहीतर ड्राइव्ह नसताना डबा सुरू होताना अडकून बसतो.

शेवटचा मजला गेमच्या प्रोग्रामचा, आणि इथे चूक बहुधा आपल्या समजुतीत असते. रेट्रोपायमध्ये ड्राइव्हवर 'रेट्रोपाय' नावाचं रिकामं फोल्डर करून तो डब्याला लावायचा असतो. डबा त्यात प्रत्येक जुन्या यंत्राचं फोल्डर तयार करतो. दिवा लुकलुकायचा थांबला की काढायचा, गेम योग्य फोल्डरात टाकायचे, परत लावायचा. मग ते गेम डब्याच्या कार्डावर उतरतात. पुष्कळांना वाटतं की गेम पेनड्राइव्हवरूनच चालतात. ६४ जीबीचा ड्राइव्ह ३२ जीबीच्या कार्डावर उतरवायला लावला की कार्ड भरतं आणि सगळंच अडतं. ड्राइव्हवरूनच खेळायचं असेल तर फोल्डरचं नाव 'रेट्रोपाय-माउंट' हवं. आणि गेम उतरले तरी यादी नव्याने वाचायला एम्युलेशनस्टेशन, म्हणजे ती यादी दाखवणारा प्रोग्राम, पुन्हा सुरू करावं लागतं. ज्या यंत्राचा एकही गेम नाही त्याचं चित्रही ते दाखवत नाही. बॅटोसेरा आणि रिकॅलबॉक्समध्ये हे सोपं आहे. मेनूत जाऊन साठवणुकीची जागा निवडायची. मात्र ती निवडेपर्यंत ड्राइव्ह लावलेला असला तरी गेमची यादी त्याच्याकडे पाहत नाही. मेनूतून दुरुस्ती होते म्हणून घरातल्या लहान मुलांसाठी मी बॅटोसेराच सुचवतो.

(गेम कुठून आणायचे हा वेगळा विषय आहे, पण इंटरनेटवर मिळतो म्हणून गेम फुकट झाला असं नाही, १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यालाही लागू आहे. हौशी लोकांनी स्वतः लिहून खुले केलेले सुंदर गेम आहेत, मुलांना ते जरूर दाखवावेत.)

उन्हाळ्याबद्दल थोडं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोहोचली की वेग कमी करते. टीव्हीमागे, भिंतीला टेकून, पंख्याविना ठेवलेला डबा तिथे चटकन पोहोचतो. त्याने ड्राइव्ह दिसेनासा होतोच असं नाही, पण गेम अडखळतो आणि दोष ड्राइव्हवर येतो. डबा मोकळ्या हवेत ठेवा, मात्र कूलरच्या थेट तोंडासमोर नको. त्या ओल्या वाऱ्याने पिना खराब होतात.

राहिला तो शून्य आकाराचा ड्राइव्ह. त्याच्यावर घरगुती उपाय नाही. अशा ड्राइव्हला फॉरमॅट करता येत नाही, आणि करून पाहू नये. आतलं महत्त्वाचं असेल तर लगेच काढून ठेवावा आणि माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. जो ड्राइव्ह दिसतो पण मधूनच वाचताना अडतो, त्याच्यासाठी मात्र डीडीरेस्क्यू आहे. ते आधी वाचता येईल तेवढं सगळं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. मग फोटोरेक त्या प्रतीतून फोटो शोधतं. मूळ ड्राइव्हला पुन्हापुन्हा हात लावायचा नाही.

भाच्याच्या ड्राइव्हला यातलं काही लागलं नाही. वहीत मिळाला-तुटला अशी माळ होती, वीज ५०००५. माझ्याकडचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तेव्हा एसडीए१ लगेच आला. वीज तुटत राहिल्याने ती 'नीट बंद झाला नाही' खूण होती. आधी फोटो लॅपटॉपवर आणि तिथून दुसऱ्या डिस्कवर घेतले, मग तपासणी चालवली. फोटोंपैकी एकही गेला नव्हता. आबा एका फोटोत या पोराच्या हातातला रिमोट उलटा धरून बसलेत.

दिवाळीत त्याचा फोन आला. "मामा, मित्राचा ड्राइव्ह आहे. लाइट लागून राहिला, एलएसबीएलकेमध्ये एसडीए१ दिसून राहिला, एनटीएफएस आहे, पण जोडत नाही." मी विचारलं, मित्राने विंडोजचा लॅपटॉप बंद करून ड्राइव्ह तसाच ओढून काढला का? पलीकडे दोघांची कुजबुज झाली, आणि मग उत्तर आलं, "हो म्हणते तो."